छोट्या चकतीची मोठी कामगिरी

ब्रिटिश अभियंत्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग (१९०९-१९९०) १९३६ साली फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत रुजू झाल्या. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरने एकाएकी नाक खाली करून सूर मारला, की त्याचे मर्लिन इंजिन बंद पडे. इंधन थेट फवारणारी जर्मन विमाने मात्र निसटत आणि ब्रिटिश वैमानिकांच्या जिवावर बेतत असे. कार्ब्युरेटरमधील पेट्रोल वर उसळून आधी पुरवठा तुटे, पाठोपाठ अतिरिक्त पेट्रोल शिरून इंजिन गुदमरे. हा दुसरा दोष रोखण्यासाठी शिलिंग यांनी पूर्ण शक्तीला लागेल तेवढेच पेट्रोल सोडणारी, छिद्राची छोटी धातूची चकती योजली. १९४१ मध्ये विमानतळोविमानतळी फिरून त्यांच्या चमूने ती बसवली. दोष समूळ गेला नाही. पण ऐन झुंजीत इंजिन दगा देईनासे झाले.