घाट, धर्मशाळा आणि गाडगेबाबा

बुलढाण्याजवळच्या देऊळघाट या गावाच्या नावातच देऊळ आहे आणि घाटही. हा घाट डोंगराचा की नदीचा, ते बाजूला ठेवू. वऱ्हाडातील गाव एकत्र येते ते बहुधा अशाच दोन ठिकाणी. शंभर वर्षांपूर्वी त्यातील देऊळ मात्र सर्वांचे नव्हते. ही उणीव ज्यांना खोलवर जाणवली ते गाडगेबाबा याच वऱ्हाडातले.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. दारूपायी वडील अकाली गेले. डेबू आजोळी, दापुऱ्याला, गुरे राखत वाढला. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्याने डोळ्यांदेखत पाहिली. १९०५ मध्ये त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि डोक्यावर फुटके गाडगे; जेवायचे तेही त्याच गाडग्यात.

पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे पौषात यात्रा भरते. तेथे यात्रेकरू नदीकाठच्या चिखलात घसरून पडत. बाबांनी कोणाकडे अर्जविनंत्या केल्या नाहीत. स्वतःच माती टाकायला सुरुवात केली. पाहणारे लाजून हात लावू लागले. १९०८ मध्ये तेथे घाट उभा राहिला. पुढे हीच त्यांची रीत झाली. गावात शिरताच आधी रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करायचे. कीर्तनही एकट्याचे नसे. ते प्रश्न विचारत, उत्तरे श्रोते देत आणि त्या उत्तरांतून गावचे कर्ज, गावची दारू, नवसाचे बोकड असे सारे चव्हाट्यावर येई.

पंढरपुरात त्यांनी १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळा बांधली. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. म्हणजे ज्यांना देवाच्या दारी उभे राहता येत नव्हते, त्यांना पंढरीत हक्काचे छप्पर तीस वर्षे आधी मिळाले. ही वास्तू पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवण्यात आली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. लाखो रुपये हातून गेले, पण स्वतःच्या पत्नीला, कुंताबाईंना, त्यांनी झोपडीतच ठेवले. या कठोरपणाचे कौतुक करताना त्या माउलीची आठवण क्वचितच निघते. शासनाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले, तेव्हाही स्मरणात राहिला तो खराटा. धर्मशाळा काहीशा मागेच पडल्या.

१९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. खेड्यातून आलेली माणसे तोवर आजाऱ्याच्या काळजीने फुटपाथवर रात्री काढीत. दोनच वर्षांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी प्रवासातच बाबांनी देह ठेवला.