वल्ह्यांना सुट्टी देणारा कारागीर

होडीच्या मागच्या फळीवर दोन स्क्रूंनी आवळून बसवायचे, सुरू करायचे आणि काम आटोपले की उचलून घरी न्यायचे, अशा छोटेखानी यंत्राचे आज कोणाला फारसे नवल वाटत नाही. कोकणातल्या खाड्यांमध्ये लहान होड्यांच्या मागे लटकलेली दिसतात ती यंत्रेही याच जातीची. बोटीच्या पोटात कायमचे न बसवता बाहेर टांगले जाते म्हणून त्याला आउटबोर्ड मोटर असे नाव पडले. हे यंत्र सामान्य माणसाच्या हाती देण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते ओले एव्हिनरूड जन्माने नॉर्वेचे आणि कर्माने अमेरिकेचे. मराठी कानाला हे नाव पाण्यातून नुकतेच बाहेर काढल्यासारखे वाटते, हा निव्वळ योगायोग. मात्र स्वतःचे नाव या माणसाला एकदा विकावे लागले आणि पुढे त्याच नावाविरुद्ध बाजारात उभे राहावे लागले, हा त्यांच्या आयुष्यातील खरा पेच होता.

१९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेतील एका शेतकरी कुटुंबात ओले यांचा जन्म झाला. ते पाच वर्षांचे असताना, १८८२ मध्ये, कुटुंबाने देश सोडला व अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज या गावाजवळ, रिप्ली तलावाच्या काठी शेती घेतली. त्या काळी नॉर्वेतून आलेल्या कुटुंबांची त्या भागात बरीच वस्ती होती. थंडीत गोठणारी आणि उन्हाळ्यात लखलखणारी तळी हा त्या प्रदेशाचा स्वभावच. मुलाने शेती सांभाळावी अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र पाण्यात आणि यंत्रांत गुंतलेले होते. शालेय शिक्षण जेमतेम झाले.

या काळातील एक गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. किशोरवयात ओले यांनी घरच्या घरी शिडाची होडी बांधायला घेतली. वडिलांना हा उद्योग पसंत नव्हता; त्यांनी त्या होडीचे तयार भाग जाळून टाकले. मुलाने पुन्हा लाकूड जमवले, या वेळी भाग लपवून ठेवले आणि होडी पुरी केली. पुढे हौशी प्रवाशांना रिप्ली तलावावर फिरवून ती होडी पैसे मिळवू लागली, तेव्हा घरातला विरोध मावळला. गोष्टीत थोडे मीठमसाल्याचे भाग असतीलही. पण मोडलेले पुन्हा उभे करायचे आणि दुसऱ्या वेळी अधिक नीट करायचे, ही त्यांची पुढची सारी रीत तिच्यात दिसते.

सोळाव्या वर्षी त्यांनी शेत सोडले आणि मॅडिसन गाठले. दिवसा यंत्रांच्या दुकानात काम आणि रात्री अभियांत्रिकीची पुस्तके, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. त्यानंतर पिट्सबर्ग आणि शिकागो येथील पोलाद कारखान्यांत उमेदवारी झाली. धातू कसा तापतो, कसा ओततात, कुठे तडकतो, हे ज्ञान त्यांना तिथे मिळाले. १९००च्या सुमारास ते मिलवॉकीत स्थिरावले आणि काही काळाने क्लेमिक नावाच्या भागीदाराबरोबर मागणीनुसार इंजिने बनवून देणारे छोटे दुकान त्यांनी काढले. पेट्रोल इंजिनाचे ते बाल्यावस्थेचे दिवस होते आणि मोटारगाडीसाठी इंजिने करणाऱ्या कारागिरांचे पेव फुटले होते. ओले त्यांतलेच एक. इंजिन उत्तम, हिशेब कच्चा, असा त्यांच्या व्यवसायाचा एकंदर प्रकार होता.

तो हिशेब सुधारला तो बेस केरी यांच्यामुळे. व्यापारी पत्रव्यवहार आणि जमाखर्च यांचे शिक्षण घेतलेली ही शेजारची तरुणी ओले यांची पत्रे लिहून देऊ लागली. १९०६ मध्ये दोघांचा विवाह झाला. एव्हिनरूड यांच्या यशाचा इतिहास लिहिताना बेस यांना अनेकदा आइस्क्रीमच्या कथेपुरतेच स्थान मिळते. हा मोठाच अन्याय आहे.

ती कथा अशी. उन्हाळ्यातील एका कडक दिवशी मिलवॉकीजवळच्या ओकॉची तलावावर सहल निघाली होती. बेस यांना आइस्क्रीम खाण्याची इच्छा झाली. ओले यांनी होडी वल्हवत पैलतीर गाठले, आइस्क्रीम घेतले आणि घामाघूम होऊन परतले, तोवर त्याचे पाणी झाले होते. होडीला इंजिन जोडण्याची कल्पना त्यांना तिथे सुचली, असे सांगतात. कथा गोड आहे. परंतु होडीच्या मागे इंजिन टांगणारे ओले हे पहिले नव्हेत. कॅमेरॉन वॉटरमन यांचे तशाच प्रकारचे यंत्र काही वर्षे आधीपासून तयार होत होते आणि त्याआधीही काही प्रयत्न झाले होते. ओले यांचे कर्तृत्व त्या यंत्राची मांडणी बसवण्यात आणि ते भरवशाचे करण्यात आहे.

१९०९ मध्ये तयार झालेल्या त्यांच्या यंत्रात एकच सिलिंडर होता आणि तो आडवा ठेवलेला होता. क्रँकशाफ्ट उभा. त्याच्या माथ्यावर जड गतिचक्र, तर खालच्या टोकाकडून पाण्यात उतरणारा लांब दांडा. दांड्याच्या तळाशी तिरप्या दात्यांच्या दोन गिअरची जोडी, जी उभ्या फिरण्याचे आडव्या फिरण्यात रूपांतर करून पंखा चालवते. ही रचना इतकी सुटसुटीत होती की पुढे बहुतेक उत्पादकांनी तिचाच पाया धरला. यंत्राचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. शक्ती दीड अश्वशक्ती. किंमत ६२ डॉलर. बेस यांना त्याचे पहिले रूप कॉफी दळण्याच्या यंत्रासारखे वाटले होते, अशी नोंद आहे. पहिली चाचणी मिलवॉकीतील किनिकिनिक नदीत झाली. त्यानंतर एका मित्राने ते यंत्र दिवसभरासाठी उसने नेले आणि परत आला तो दहा यंत्रांची मागणी व रोख रक्कम घेऊनच. पहिली पंचवीस यंत्रे ओले यांनी जवळजवळ हातानेच बनवली.

मग बेस यांनी जाहिरात लिहिली. वल्हवण्याचे कष्ट सोडा, वल्ही टाकून द्या, अशा आशयाचा तिचा मजकूर होता. पत्रांचा एवढा पाऊस पडला की ती वाचायलाही माणसे अपुरी पडू लागली. पैशांची चणचण होती. ख्रिस मेयर यांच्या रूपाने भांडवलदार भागीदार मिळाला आणि एव्हिनरूड मोटर कंपनी उभी राहिली. १९११ मध्ये पेटंट मिळाले. स्कँडिनेव्हियातील मच्छीमारांकडून मागणी येऊ लागली. ज्या देशातून पाच वर्षांचा मुलगा जहाजाने आला होता, त्याच दिशेला आता त्याची यंत्रे जहाजाने जाऊ लागली. कार्यालयाचा भार बेस यांच्यावर होता आणि राल्फ हा मुलगा तेव्हा अगदी लहान होता. अखेर त्यांची प्रकृती ढासळली.

१९१४ मध्ये ओले यांनी घेतलेला निर्णय आजच्या उद्योजकाला कदाचित वेडेपणाचा वाटेल. धंदा ऐन भरात असताना त्यांनी आपला हिस्सा मेयर यांना विकून टाकला आणि पाच वर्षे या व्यवसायात उतरणार नाही, असा करारही केला. कारखान्याबरोबर नावही गेले. यंत्रावरचे एव्हिनरूड हे नाव आता दुसऱ्याच्या मालकीचे होते. पत्नी व मुलासह प्रवास, विश्रांती आणि बेस यांची प्रकृती, एवढाच त्या वर्षांचा कार्यक्रम राहिला. तसे म्हणण्यापुरतेच; कारण त्यांच्या डोक्यातले यंत्र थांबलेले नव्हते.

जुन्या यंत्राचे दोष त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. ते जड होते, आणि एका सिलिंडरमुळे होडीची फळी व चालवणाऱ्याचा हात दोन्ही थरथरत. ओले यांनी दोन सिलिंडर एकमेकांसमोर ठेवले. दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात आणि एकाचा धक्का दुसरा शोषून घेतो. बिडाच्या जागी त्यांनी बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियम वापरले. शक्ती दुप्पट, म्हणजे तीन अश्वशक्ती झाली आणि वजन ४८ पौंडांवर उतरले. कराराची मुदत संपल्यावर त्यांनी हा आराखडा आधी मेयर यांनाच दाखवला. मेयर यांनी नकार दिला.

आता पेच उभा राहिला. यंत्र तयार, कारागीर तयार. पण स्वतःचे नाव यंत्रावर घालण्याची सोय नव्हती. एव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड या वर्णनाच्या आद्याक्षरांतून एल्टो हे नाव जुळवण्यात आले आणि १९२१च्या सुमारास एल्टो यंत्रे बाजारात आली. हे नावही बेस यांनीच शोधले, असे सांगतात. आपले नाव एका अक्षराच्या आड लपवून स्वतःच्याच नावाशी स्पर्धा करण्याची पाळी फार थोड्या संशोधकांवर आली असेल. त्यातच इंडियानातील जॉन्सन बंधूंनी आणखी हलके यंत्र आणले. स्पर्धा वजनाची होती तशी वेगाचीही होती आणि १९२८ मध्ये एल्टोने चार सिलिंडरचे यंत्र काढून त्याला उत्तर दिले.

१९२९ मध्ये चक्र पूर्ण फिरले. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या उद्योगाचे स्टीफन ब्रिग्ज यांच्या पुढाकाराने जुनी एव्हिनरूड कंपनी, एल्टो आणि लॉकवूड या तीन संस्था एकत्र आल्या. आउटबोर्ड मोटर्स कॉर्पोरेशन हे नव्या संस्थेचे नाव आणि ओले तिचे अध्यक्ष. पंधरा वर्षांनी त्यांचे नाव त्यांच्याकडे परतले. पण त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. महामंदीत हौसेची होडी हा पहिल्या काटछाटीचा विषय होता. १९३३ मध्ये बेस गेल्या आणि १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी, ओले यांचेही निधन झाले. राल्फ यांनी कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये जॉन्सन ही प्रतिस्पर्धी संस्थाही त्यांच्याकडे आली.

पुढचा इतिहास कंपन्यांचा आहे आणि तो थोडक्यात सांगितलेलाच बरा. आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन या नावाने वाढलेला हा उद्योग डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरीत गेला. कॅनडातील बॉम्बार्डियरने त्याचे बोट-इंजिन विभाग घेतले आणि तिच्यातून निघालेल्या बीआरपी या कंपनीने मे २०२० मध्ये एव्हिनरूड यंत्रांचे उत्पादन बंद केले.

ओले यांची जुनी यंत्रे मात्र अजून चालतात, आणि ती चालतात घरोघरच्या गॅरेजमध्ये. अमेरिकेत अशी यंत्रे जमवणाऱ्या हौशी मंडळींची संघटना कित्येक दशकांपासून आहे. गोदामात किंवा माळ्यावर सापडलेले शंभर वर्षांचे यंत्र घरच्या बाकावर जिवंत करता येते, याचे कारण त्या मूळ रचनेतच आहे: मोजके भाग, साधी हत्यारे आणि डोळ्यांना दिसेल अशी जोडणी. काम करणारा आधी गतिचक्र हाताने हळूच फिरवून पाहतो. पिस्टन अडकला असेल तर जोर लावायचा नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडायचे आणि काही दिवस धीर धरायचा. नंतर कार्ब्युरेटर सोडवून वर्षानुवर्षांच्या पेट्रोलचा वाळलेला डिंक धुवायचा, ठिणगी पडते का ते तपासायचे, गिअरच्या डबीतले घट्ट झालेले ग्रीस काढून नवे भरायचे. इंधनात तेल आजच्या यंत्रांपेक्षा बरेच जास्त मिसळावे लागते, कारण त्या काळचे बेअरिंग त्यावरच जगतात.

खरी परीक्षा त्यापुढे असते. पाण्याने भरलेल्या पिंपाच्या काठावर यंत्र आवळून बसवतात, कारण पाण्याशिवाय ते चालवले तर तापून अडकते. मग एक हात कार्ब्युरेटरच्या सुईवर आणि दुसरा ठिणगीची वेळ पुढेमागे करणाऱ्या दांडीवर. सुई थोडी जास्त उघडली तर यंत्र धुराने गुदमरते, थोडी कमी उघडली तर खोकून बंद पडते. ठिणगी फार आधी पडली तर गतिचक्र उलट झटका देते, आणि त्याच्यावरची मूठ बोटांवर आपटते. अमेरिकेतील हौशी मंडळींनी त्या मुठीला बोटे फोडणारी म्हणूनच नाव ठेवले आहे. या जुन्या यंत्रांना न्यूट्रल नसतो. इंजिनाने पहिला ठेका धरला की पंखाही लगेच फिरू लागतो आणि पिंपातले पाणी सांडू लागते.