तारापूरचा अणुवीज प्रकल्प होमी भाभांनी आणला, पण तिथली वीज त्यांना पाहता आली नाही

विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल वैतरणा नदी ओलांडते आणि पालघरच्या पुढे बोईसरला थांबते. तिथून काही किलोमीटरवर, समुद्राला लागून तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. भारतातलं पहिलं. ते आणलं डॉ. होमी भाभांनी.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं, असं घरच्यांना वाटत होतं. भाभांचा जीव मात्र भौतिकशास्त्रात. मग वडिलांनी अट घातली की आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास मिळवायचा. १९३० मध्ये त्यांनी तो मिळवला आणि पुढे कॉस्मिक किरणांच्या संशोधनात नाव कमावलं.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टीआयएफआर, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी, असं एकेक काम उभं राहिलं.

पण अप्सरा संशोधनासाठी होती. वीज बनवायची तर उष्णतेला कामाला लावावं लागतं. तारापूरच्या भट्टीत युरेनियमच्या कांड्यांभोवती पाणी उकळतं, तीच वाफ टर्बाईन फिरवते, समुद्राच्या पाण्याने थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते भट्टीत परततं. यात एक मोठा धोका असतो. कांडीवर वाफेचाच थर बसला, तर उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि कांडी खराब होऊ शकते. म्हणून पाणी किती वेगाने वाहतं आणि किती उकळतं, याचं गणित चोख लागतं.

भाभांची दीर्घ योजना नैसर्गिक युरेनियम आणि पुढे थोरियमवर चालणाऱ्या भट्ट्यांची होती. तारापूरसाठी मात्र त्यांनी अमेरिकी भट्ट्या घेतल्या. त्यांना लागणारं समृद्ध युरेनियमही बाहेरूनच येणार होतं. भारतात अणुवीज परवडते, हे त्यांना लवकर दाखवायचं होतं. १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यात भाभा गेले. वय फक्त ५६.

तारापूरची व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली २८ ऑक्टोबर १९६९ ला. दोन दिवसांनी भाभा साठ वर्षांचे झाले असते.

परदेशी इंधनाची किंमत पुढे मोजावी लागली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सकडे वळावं लागलं. भट्ट्या मात्र तेव्हा बंद पडल्या नाहीत. आज त्या भाभांच्या आयुष्यापेक्षा जास्त वर्षं जुन्या आहेत.