लॅटिनमध्ये नापास झालेला बॅरिस्टर

लॉ सीईटीची पुस्तकं आणलीत, टाइमटेबल भिंतीवर लावलंय आणि गाडी पहिल्या धड्यावरच अडलीय? मग या मुलाचं ऐका.

भावनगरच्या सामळदास कॉलेजात मोहनदास गांधी एक टर्म बसला आणि घरी परतला. प्राध्यापक काय शिकवतात तेच त्याला कळेना. व्हायचं होतं डॉक्टर, पण घरच्या स्नेह्यांनी बॅरिस्टरी सुचवली. ४ सप्टेंबर १८८८ला मुंबईहून बोटीत बसला तेव्हा वय १८, लग्न झालेलं, घरी तान्हं बाळ.

लंडनला इनर टेंपलमध्ये नाव घातलं. गंमत म्हणजे तिथल्या वकिलीच्या परीक्षा सोप्या! नोट्स चाळून रोमन लॉ दोनेक आठवड्यांत निघायचा. टर्म भरायच्या म्हणजे तर ठरावीक जेवणांना हजर राहायचं. याला मात्र खुपत होतं ते स्वतःचं कच्चं इंग्रजी. म्हणून एका मित्रानं सुचवल्यावर त्यानं लंडन मॅट्रिकला बसायचं ठरवलं. हातात पाच महिने, आणि लॅटिन सक्तीचं. (तुम्हाला ते नाही, सुटलात.) खासगी क्लास लावला, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलं.

जानेवारी १८९०मध्ये लॅटिनमध्ये गचका खाल्ला.

वाईट वाटलं, पण सोडलं नाही. पुन्हा बसताना त्यानं आधी राहणी बदलली. दोन खोल्या सोडून एक घेतली, स्टोव्ह आणला, सकाळी ओटची लापशी आणि कोको, संध्याकाळी ब्रेड आणि कोको. दिवसाचा जेवणखर्च सव्वा शिलिंग. स्वयंपाकात वेळ जाईना, पैशाची टोचणी कमी झाली. विज्ञानात रसायनशास्त्र सोडून उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. जूनमध्ये पास!

पुढे कायद्यालाही नोट्सवर भागवणं त्याला फसवणूक वाटलं. पैसे घालून मूळ पुस्तकं घेतली. रोमन लॉ लॅटिनमधून वाचला, ब्रूमच्या कॉमन लॉला नऊ महिने लागले. १० जून १८९१ला बॅरिस्टर झाला, १२ला बोटीत बसला.

मुंबईत स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच केसला उभा राहिला आणि एक प्रश्न सुचेना. ३० रुपये फी परत केली. लॅटिन मात्र पुढे कामाला आलं. दक्षिण आफ्रिकेत रोमन-डच कायदा चालायचा.