अंतराळात उपग्रह भरकटला, खापर कल्पना चावलावर फुटलं. चौकशीत मात्र वेगळंच निघालं

नोव्हेंबर १९९७. कोलंबिया यानातून 'स्पार्टन' हा सूर्याचा अभ्यास करणारा उपग्रह बाहेर सोडायचा होता. यानाचा रोबोटिक हात कल्पना चावला चालवत होती. उपग्रह सुटला, पण चालूच झाला नाही. परत पकडायला गेल्यावर तो गरगर फिरायला लागला. शेवटी दोन अंतराळवीरांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडला.

अंतराळात गेलेली भारतीय वंशाची पहिली महिला, आणि पहिल्याच मोहिमेत चुकीचा ठपका.

इथवर पोहोचायला तिला बरीच वर्षं लागली होती. १९६२ साली हरियाणातल्या कर्नालमध्ये तिचा जन्म झाला. घरी तिला मोंटो म्हणायचे. शाळेत घालताना 'कल्पना' हे नाव तिने स्वतःच निवडलं. १९८२ मध्ये चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमधून ती एरोनॉटिकल इंजिनिअर झाली. मग अमेरिका गाठली. टेक्सासमध्ये मास्टर्स आणि १९८८ मध्ये कोलोरॅडोतून पीएचडी. त्याच वर्षी ती नासाच्या एम्स केंद्रात लागली. सरळ वर उडणाऱ्या विमानांभोवती हवा कशी वाहते, याची गणितं ती कॉम्प्युटरवर सोडवायची. डिसेंबर १९९४ मध्ये तिची अंतराळवीर म्हणून निवड झाली.

स्पार्टनची चौकशी पाच महिने चालली. दोष सॉफ्टवेअरच्या रचनेत आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत निघाला. कल्पनाला क्लीन चिट मिळाली आणि २००० साली दुसऱ्या मोहिमेसाठी तिचं नाव आलं.

ही मोहीम लांबत लांबत १६ जानेवारी २००३ ला निघाली. उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा कोलंबियाच्या डाव्या पंखावर आदळला. इंजिनिअर्सनी पंखाचे फोटो मागितले, वरिष्ठांनी ते घेतलेच नाहीत. तिकडे यानात सात जणांनी सुमारे ८० प्रयोग पूर्ण केले.

१ फेब्रुवारीला परतताना पंखाच्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले. उतरायला १६ मिनिटं उरली असताना यान फुटलं. सातही जण गेले.

चौकशी समितीने फोमइतकंच नासाच्या कार्यसंस्कृतीलाही जबाबदार धरलं. म्हणजे दोन्ही वेळा घोळ व्यवस्थेचाच होता. पहिल्या वेळी कल्पना त्यातून सुटली, दुसऱ्या वेळी नाही.

चारच दिवसांनी भारताने आपल्या 'मेटसॅट' या हवामान उपग्रहाला 'कल्पना-१' नाव दिलं. पुढे कित्येक वर्षं आपल्या मान्सूनच्या ढगांवर त्याचीच नजर होती.