मोटारसायकल विकून मिळवलेले आकाश

बारावीचा निकाल लागला की आता पुढे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या रुळलेल्या वाटा सोडून ज्या मुलामुलींना वैमानिक व्हायचे असते, त्यांच्या घरी या प्रश्नापाठोपाठ आणखी एक चिंता येते. ती असते डोळ्यांची. चष्म्याचा नंबर किती, रंग अचूक ओळखता येतात का, वैद्यकीय चाचणीत निभाव लागेल का, या धास्तीने कितीतरी स्वप्ने धावपट्टीवर येण्याआधीच थबकतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये शिकणारा एक बंगाली मुलगाही शाळा संपता संपता नेमका याच वळणावर येऊन ठेपला होता. डोळे अधू म्हणून त्याला नाकारण्यात आले, पण त्याने तो निर्णय अखेरचा मानला नाही. त्याचे नाव इंद्रलाल रॉय. पहिल्या महायुद्धात शत्रूची दहा विमाने पाडण्याचे श्रेय ज्याच्या नावावर नोंदले गेले आणि ब्रिटिश हवाई दलाचा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा सन्मान मिळवणारा जो पहिला भारतीय ठरला, तो हा वीर. हा सन्मान जाहीर झाला तेव्हा मात्र तो स्वीकारण्यासाठी तो हयात नव्हता. वयाची वीस वर्षेही त्याच्या वाट्याला आली नाहीत.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. रॉय घराणे मूळचे पूर्व बंगालमधील बारिसाल भागातले. वडील प्यारीलाल रॉय बॅरिस्टर होते आणि आई लोलिता या काळाच्या पुढे पाहणाऱ्या विदुषी होत्या. मुलांना उत्तम इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून विसाव्या शतकाच्या प्रारंभीच लोलिताबाई आपल्या सहा मुलांसह पश्चिम लंडनमध्ये राहावयास गेल्या. तेथे केवळ गृहिणी म्हणून त्या राहिल्या नाहीत. लंडनमधील भारतीय विद्यार्थ्यांच्या आणि महिलांच्या चळवळींत त्यांचा वावर असे. १७ जून १९११ रोजी महिलांच्या मताधिकारासाठी लंडनमध्ये निघालेल्या भव्य मिरवणुकीत जो भारतीय महिलांचा गट सहभागी झाला होता, त्यात त्यांचा पुढाकार होता. नाकारला गेलेला हक्क पुन्हा जाऊन मागायचा असतो, हे इंद्रलालला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवण्याची गरज नव्हती. ते त्याने स्वतःच्या घरातच पाहिले होते.

घरच्यांचा आणि मित्रांचा तो लाडका लॅडी होता. शिक्षणासाठी त्याला सेंट पॉल्स या नामांकित शाळेत घालण्यात आले. तेथील शिक्षण आटोपले की ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, त्यानंतर बॅरिस्टरी किंवा सनदी सेवा, असा त्या काळच्या सुखवस्तू भारतीय घरांतील मुलांचा ठरलेला मार्ग असे. इंद्रलालच्या बुद्धीची चमक पाहता त्यालाही तो कठीण नव्हता. परंतु १९१४ मध्ये महायुद्धाचा भडका उडाला आणि त्याच्या पिढीतील मुलांचे सारे आराखडे कोलमडले. थोरला भाऊ परेशलाल सैन्यात भरती होऊन आघाडीवर गेला. हेच परेशलाल पुढे भारतीय मुष्टियुद्धाचे जनक म्हणून ओळखले गेले. इंद्रलालची नजर मात्र जमिनीवरच्या खंदकांवर नव्हती. ती आकाशाकडे लागली होती.

नवा आणि जीवघेणा व्यवसाय

त्या काळी विमानविद्या अगदीच बाल्यावस्थेत होती. राइट बंधूंनी १९०३ मध्ये पहिले यशस्वी उड्डाण केले, त्याला जेमतेम चौदा वर्षे होत होती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड आणि तारांनी आवळून धरलेले दुहेरी पंख, असे त्या विमानांचे स्वरूप होते. वैमानिकाची बैठक उघडी असे. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना हवाई छत्रीही दिली जात नव्हती. विमानाने पेट घेतला तर सुटकेचा मार्ग उरत नसे. एप्रिल १९१७ हा महिना तर ब्रिटिश वैमानिकांच्या इतिहासात रक्तरंजित एप्रिल म्हणूनच नोंदला गेला. त्या एका महिन्यात त्यांची सुमारे २४५ विमाने नष्ट झाली. योगायोग असा की, इंद्रलालने रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये प्रवेश मिळवला तो याच महिन्यात, ४ एप्रिल १९१७ रोजी.

हा प्रवेश सहजासहजी मिळाला नव्हता. पहिल्या अर्जाच्या वेळी वैद्यकीय तपासणीत त्याची दृष्टी सदोष ठरली आणि त्याला अपात्र ठरवण्यात आले. दुसरा एखादा मुलगा असता तर नशिबाला दोष देत महाविद्यालयाच्या वाटेला लागला असता. इंद्रलालने आपली मोटारसायकल विकली. शाळकरी वयातील मुलासाठी मोटारसायकल म्हणजे जीव की प्राण. विक्रीतून आलेल्या पैशांतून त्याने तेथील एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. तज्ज्ञाचा अभिप्राय अनुकूल आला आणि त्याच्या बळावर लष्कराला आपला पहिला निर्णय फिरवावा लागला. अर्थात, त्यामागे युद्धाची निकडही होती. वैमानिक झपाट्याने कमी होत होते आणि नव्या वैमानिकांची गरज तितक्याच झपाट्याने वाढत होती.

त्या काळात भारतीयाला ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याचा दर्जा मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. लाखो भारतीय जवान युरोप, आफ्रिका आणि मेसोपोटेमियात लढत होते. तथापि, राजाच्या सनदेने अधिकारी होण्याचे दार त्यांच्यासाठी जवळपास बंदच होते. अशा परिस्थितीत ५ जुलै १९१७ रोजी इंद्रलाल सेकंड लेफ्टनंट झाला. उड्डाण आणि हवाई नेमबाजीचे प्रशिक्षण आटोपून ऑक्टोबरअखेर तो फ्रान्समधील ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. ही त्या वेळची अत्यंत नावाजलेली तुकडी होती. एसई-५ हे तिचे विमान. इंजिनाच्या फिरत्या पंख्यामधून गोळ्या झाडणारी एक मशीनगन आणि वरच्या पंखावर बसवलेली दुसरी, अशा दोन मशीनगन एकट्या वैमानिकाने सांभाळायच्या, विमान चालवायचे आणि मागून कोणी येत नाही ना, यावरही लक्ष ठेवायचे. हे सारे करणाऱ्या इंद्रलालचे वय होते अठरा वर्षे.

शवागारातून परत

आघाडीवरचे त्याचे पहिले पर्व अल्पजीवी ठरले. ६ डिसेंबर १९१७ रोजी, एकोणिसावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले असताना, त्याचे विमान कोसळले. या अपघाताविषयी एक विलक्षण हकिकत सांगितली जाते. बेशुद्ध इंद्रलालला मृत समजून इतर मृतदेहांसोबत शवागारात ठेवण्यात आले. काही वेळाने त्याला शुद्ध आली आणि त्याने आतून दार ठोठावण्यास सुरुवात केली. बाहेरच्या कर्मचाऱ्याची भीतीने अशी गाळण उडाली की, मदत येईपर्यंत त्याने दार उघडलेच नाही.

इंद्रलाल बचावला, पण वैद्यकीय मंडळाने त्याला उड्डाणासाठी अपात्र ठरवले. उपचारासाठी त्याला इंग्लंडला पाठवण्यात आले. पुढे जमिनीवरचे साहित्य विभागातील काम त्याच्याकडे आले. येथे खरे तर कथा संपू शकली असती. कर्तव्य बजावून झाले होते, मृत्यूच्या दारातून परत येणेही झाले होते. सुरक्षित जागी बसून युद्ध संपण्याची वाट पाहिली असती तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याचे मन मात्र विमानातच होते. या सक्तीच्या विश्रांतीच्या काळात तो विमानांची आणि हवाई लढतींची चित्रे रेखाटत राहिला. त्यातील अनेक रेखाटने आजही जतन केलेली आहेत. एकीकडे कागदावर विमाने उतरत होती आणि दुसरीकडे वरिष्ठांकडे त्याचा पाठपुरावा सुरू होता. अखेर त्याला पुन्हा उड्डाणासाठी पात्र ठरवण्यात आले. वैद्यकीय मंडळाचा नकार त्याने दुसऱ्यांदा परतवून लावला होता.

दोन आठवडे, दहा विमाने

१९ जून १९१८ रोजी तो ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. एव्हाना रॉयल फ्लाइंग कोअरचे रूपांतर रॉयल एअर फोर्समध्ये झाले होते. येथे त्याला कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय यांच्यासारखा कसलेला आयरिश वैमानिक म्होरक्या म्हणून लाभला. विमानाची उंची राखणे, सूर्य पाठीशी ठेवणे, अगदी जवळ जाईपर्यंत गोळी न झाडणे, हे हवाई युद्धाचे शास्त्र पुस्तकातून येत नाही. ते अनुभवी वैमानिकाच्या मागे उडतच आत्मसात करावे लागते. इंद्रलालने ते किती लवकर आत्मसात केले, याची साक्ष पुढच्या दोन आठवड्यांच्या नोंदी देतात.

६ जुलै रोजी ड्रोकूरच्या परिसरात त्याने पहिले जर्मन विमान पाडले. ८ जुलैला अवघ्या चार तासांत तीन विमाने त्याच्या नावावर लागली. १३ जुलैला दोन, १५ जुलैला दोन, १८ जुलैला एक आणि १९ जुलैला आणखी एक. एकूण दहा. त्यांपैकी दोनांचे श्रेय सहकाऱ्यांसह वाटून घेतलेले होते. शत्रूची पाच विमाने पाडणाऱ्या वैमानिकाला एस हा किताब लावला जात असे. त्या महायुद्धात हा मान मिळवणारा इंद्रलाल हा एकमेव भारतीय होय. ही सारी कामगिरी त्याने सुमारे १७० तासांच्या उड्डाणाच्या अनुभवावर केली. आज व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती पडण्यासाठीच किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

अखेरच्या विजयानंतर तीन दिवसांनी, २२ जुलै १९१८ रोजी, तो नेहमीप्रमाणे गस्तीवर निघाला. उत्तर फ्रान्समधील कार्व्हां गावाच्या वर जर्मन फोकर विमानांशी त्याच्या तुकडीची गाठ पडली. या झुंजीत इंद्रलालचे विमान कोसळले. या वेळी शवागाराचे दार आतून कोणी ठोठावले नाही. त्याचा म्होरक्या मॅकेलरॉय त्यानंतर नऊ दिवसांनी, ३१ जुलै रोजी धारातीर्थी पडला. आणखी साडेतीन महिन्यांनी युद्ध संपले. सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलालला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मरणोत्तर जाहीर झाला.

साम्राज्याचा सैनिक की देशाचा वीर?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने विमान उडवणाऱ्या भारतीयांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. हरदित सिंग मलिक जखमी होऊनही वाचले आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. एरॉल चंदर सेन जर्मनांच्या हाती सापडून युद्धकैदी झाले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर इंद्रलालच्या आधी तीनच आठवडे, ३० जून १९१८ रोजी, हवाई झुंजीतील जखमांनी मरण पावले. त्यांच्या थडग्यावर नाव चुकीचे नोंदले गेल्याने त्यांचा ठावठिकाणा घरच्यांना बराच काळ लागला नव्हता. या चौघांपैकी दोघे परत आले, दोघे फ्रान्सच्या मातीत राहिले.

पारतंत्र्यातील देशाच्या मुलाने राज्यकर्त्यांच्या युद्धात प्राण द्यावेत, याचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न पुढील काळात अवघड होत गेला. इंद्रलालच्या मृत्यूनंतर वर्ष उलटण्याआधीच, एप्रिल १९१९ मध्ये, जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले आणि साम्राज्यासाठी सांडलेल्या रक्ताची किंमत काय, हे साऱ्या देशाला कळून चुकले. स्वातंत्र्यलढ्याच्या धगीत या वैमानिकांची नावे मागे पडली, यात नवल नाही. असे असले तरी भारतीय माणूस विमान चालवू शकेल का, ही शंका घेणाऱ्यांना त्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवले होते. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली, तेव्हा हे उत्तर चौदा वर्षांचे झाले होते.

इंद्रलालच्या स्मृती आज मोजक्याच ठिकाणी सापडतात. कलकत्त्यातील भवानीपूर भागात त्याच्या नावाचा रस्ता आहे. जन्मशताब्दीनिमित्त १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. उत्तर फ्रान्समधील एस्तव्हेल या लहानशा गावाच्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे.

वैमानिक होऊ पाहणाऱ्या आजच्या मुलांपुढची परिस्थिती सुदैवाने वेगळी आहे. त्यांना मृत्यूच्या दिशेने उडायचे नाही. नागरी विमान वाहतुकीत ठरावीक मर्यादेत चष्माही चालतो. प्रशिक्षणाचा लाखो रुपयांचा खर्च आणि वैद्यकीय चाचणीची टांगती तलवार मात्र कायम आहे. पहिल्या नकाराशी काय करायचे, हे इंद्रलालने अठराव्या वर्षी स्वतःपुरते ठरवले होते. त्या निर्णयाची किंमत त्याच्या आईने मोजली. एस्तव्हेलच्या त्या थडग्यावर फ्रेंचबरोबरच बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत. मायभूमीपासून हजारो मैल दूर असलेल्या त्या गावात ती वाचता येणारे फारसे कोणी नाही. तरीही ती तिथे आहेत.