हळदीचा वैद्य

गेल्या वर्षी आजीला अर्धांगवायूचा झटका आला. भेटायला येणारा प्रत्येक जण हळदीचं दूध द्या म्हणून सांगायचा. खरंखोटं बघावं म्हणून मी वाचायला बसले. हळदीतल्या कर्क्युमिनमुळे प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये झटक्यानंतर मेंदूचं नुकसान कमी झालेलं दिसलं आहे. पण पोटातून ते रक्तात फार थोडं उतरतं, आणि माणसांच्या झटक्यावर ते सिद्ध झालेलं औषध नाही. हे वाचता वाचताच मला गार्सिया द ऑर्ता भेटला. पणजीत चर्चजवळची बाग त्याच्याच नावाची.

ऑर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये झाला. आई-वडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, पुढे सक्तीने ख्रिस्ती झालेले. वैद्यक शिकून तो १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही त्याने औषध दिलं.

१५६३ मध्ये त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. इथल्या औषधी द्रव्यांवरचे ते संवाद आहेत. रुआनो नावाचा पाहुणा जुन्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो. ऑर्ता मात्र आपण डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतो. अंतोनिया ही घरातली दासी झाडपाला आणून दाखवते. हळदीचं नाव त्यात या देशाचं केशर असं येतं. इथल्या वैद्यांना विचारायला त्याला कमीपणा वाटला नाही.

पण झाडांविषयी इतकं मोकळं लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराविषयी गप्प राहावं लागलं. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं होतं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, छुपेपणाने ज्यू धर्म पाळते म्हणून, जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली.

मी कॅथलिक आहे. हे वाचून दोन दिवस मला नीट प्रार्थना करता आली नाही. जुनं कशाला उकरतेस, असं घरी म्हणाले. पण उकरलं ते आमच्याच लोकांनी. मी फक्त वाचलं. हळदीबद्दल खरं सांगायचं तर याबद्दलही सांगायला हवं.

आजी आता काठी घेऊन चालते. हळदीचं दूध आवडीने पिते, आणि डॉक्टरांच्या गोळ्या चुकत नाहीत ना, ते मी बघते.